पाय बेतून देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमच्या खोलीत नेमकं काय चालतं हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, बुटासारखा नंबर सांगितला की कृत्रिम पाय मिळतो.

अपघातानंतर माझा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. पहिला कृत्रिम पाय मिळाला तो दुसऱ्या एका ठिकाणी. तो घालून चालले की नडगीच्या टोकाची कातडी सोलायची. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जे छोटं हाड हाताला लागतं तिथे लाल चट्टा उठायचा, आणि स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, आत वर-खाली होऊन पचपच आवाज यायचा. चारचौघींत तो आवाज फार लाजवायचा. तक्रार केली की उत्तर ठरलेलं : "सवय होईल." माझ्याकडे शिवलेला ब्लाउज काखेत रुतला आणि मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं, तर ती पुढचं कापड शेजारच्या गल्लीत टाकेल!

तुम्ही आधी पायाकडे पाहिलंच नाहीत. दिवसभर काय करता, हे विचारलंत. शिलाई मशीनवर बसते म्हटल्यावर स्टुलाची उंची विचारलीत, आणि ती मला सांगता येईना तेव्हा पुढच्या खेपेला स्टूलच आणायला सांगितलंत. एसटीत कंडक्टरने त्या स्टुलाचंही तिकीट फाडलं. ते पैसे तुमच्याकडे बाकी आहेत.

स्टूल कशाला, ते नंतर उमगलं. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाची वरची खोळ, जिच्यात स्टंप बसतो. जुन्या सॉकेटची मागची कड उंच होती. बसलं की ती गुडघ्यामागच्या शिरांत रुतायची, म्हणून मी पाय पुढे ताणून, कंबर वाकडी करून शिवत होते. कंबरदुखीची औषधं चालू होती आणि दुखण्याचं मूळ पायात होतं. तुम्ही मागची कड उतरवलीत, शिरांना जागा केलीत आणि मला तासभर त्याच स्टुलावर बसवून ठेवलंत. मध्येच येऊन दोनदा वाकून पाहिलंत. चालता येतंय का, हे सगळेच बघतात. बसता येतंय का, हे बघणारे तुम्हीच भेटलात.

नव्या सॉकेटसाठी साचा घेताना ओल्या प्लास्टरवरून, गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड दोरासारखा भाग लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबून धरलेत. मग साच्यात प्लास्टर ओतून माझ्या पायाची पांढरी प्रत काढलीत. मला वाटलं, झालं, आता यावर प्लास्टिक ओढायचं. तुम्ही तर ती प्रत घासायला बसलात! वाटीखाली, पोटरीला, नडगीच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे भार सोसतो तिथे खरवडलंत. नडगीच्या धारेवर, टोकावर आणि त्या बाहेरच्या छोट्या हाडावर उलट प्लास्टर चढवलंत, म्हणजे तयार सॉकेटमध्ये तिथे मोकळीक राहील. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. छत्तीस छातीच्या दोघींना एकच ब्लाउज बसत नाही, हे मी रोज बघते. फरक इतकाच, की ब्लाउजला आत माया सोडता येते, उद्या बाई सुटली तर उसवून सैल करता येतो. सॉकेटला माया नसते. एखादी जागा तापवून फुगवता येते, पण तेवढंच.

आणि पाय तर रोज बदलतो. सकाळी सॉकेट घट्ट, दुपारनंतर ढिलं, याचा मी किती धसका घेतला होता. स्टंपमधलं पाणी दिवसभराच्या दाबाने कमी होतं, आणि कापल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तर तो आटतच जातो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा जीव भांड्यात पडला. पाय आत खोल जाऊन वाटीच्या खालच्या कडेला दुखायला लागलं की स्टंपवर एक मोजा वाढवायचा. पाय पूर्ण आत बसेना, वरच राहिल्यासारखा वाटला, की एक काढायचा. आता पातळ-जाड मोजे पिशवीत असतातच, कुणाच्या लग्नाला गेले तरी.

तुमची लिपस्टिक मात्र विसरणार नाही. टेबलावर ती बघून मी मनात भलतंच काहीतरी समजले. तुम्ही ती माझ्या त्या छोट्या हाडावर लावलीत, पाय घालून चालायला लावलंत, आणि सॉकेटच्या आत डाग कुठे उमटला ते बॅटरी लावून पाहिलंत. तळाशी मातीची गोळी टाकून ती किती चपटी होते, तेही पाहिलंत. अजिबात चपटली नाही तर खाली पोकळी आहे, आणि अशा पोकळीत स्टंपचं टोक सुजतं, कातडी काळी, खरखरीत होते, हे मला तेव्हा कळलं.

महागडा सिलिकॉनचा लायनर, म्हणजे सॉकेटच्या आतलं मऊ अस्तर, विकला असतात तरी मी मुकाट्याने घेतला असता. "तुम्हाला फार घाम येतो, फोमचाच बरा," म्हणालात. स्टंप सकाळी नाही, रात्री धुवायचा, ओलसर कातडी सॉकेटमध्ये घालायची नाही, आणि मागची बाजू आरशात बघायची, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आता मी ते इतरांना बजावते.

पाऊल जयपूरचं दिलंत, त्याबद्दल वेगळे आभार. आधीच्या पावलाला बूट लागायचा, आणि बूट घालून देवघरात कोण जाणार? १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून हे रबरी पाऊल घडवलं, ते आपल्यासारख्या अनवाणी वावरणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या माणसांसाठीच. पावलाचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण वरचं सॉकेट नीट नसेल तर ते पाऊल माळ्यावर पडून राहतं. माझं पहिलं तिथेच आहे.

मुंबईला हाजी अलीजवळच्या पुनर्वसन संस्थेत या कामाची पदवी मिळते, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलं होतं. भावाची मुलगी बारावीला आहे, तिच्या कानावर घातलंय. तिचा हात चांगला आहे आणि ती समोरच्याचं ऐकून घेते. घरचे म्हणतात, डॉक्टरच का होत नाही. बघू.

हल्ली दुपार व्हायच्या आतच जाडे मोजे चढवावे लागतात. तुम्हीच म्हणाला होतात, मोज्यांवर भागेना झालं की नवीन साचा. दिवाळीची गर्दी आटोपली की येते.

आपली,
ब्लाउजवाल्या ताई

ता. क. : वहिनींचे दोन्ही ब्लाउज तयार आहेत. आत माया भरपूर ठेवली आहे. या खेपेला स्टूल आणत नाही, ब्लाउज आणते.