दादाला, फ्वा ग्राच्या देशातून

लील, फ्रान्स
१४ डिसेंबर

ती. दादास सा. न.,

फोनवर लिव्हरचा विषय काढला की तू लगेच अधिवेशनामुळे बंद झालेल्या सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर घसरतोस. म्हणून हे पत्र. वहिनींनी तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवला आहे. ग्रेड २ फॅटी लिव्हर, वजन ११८, शुगर तर जुनीच. त्याखाली तुझा निरोप: जानेवारीत वजनाचं ऑपरेशन उरकून टाकतो, मे महिन्यात पिंकीच्या लग्नात सूट बसला पाहिजे.

आधी माझी एक कबुली ऐक. मागच्या वर्षी मार्चमध्ये माझं गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालं असं तुम्हाला सांगितलं होतं. ते गॉलब्लॅडरचं नव्हतं. मी स्लीव्ह, म्हणजे वजनाचंच एक ऑपरेशन, करून घेतली. त्यात जठराचा चारपंचमांशाच्या आसपास भाग कापून काढतात, उरते ती केळ्यासारखी नळी. आई रडली असती, तू हसला असतास, म्हणून लपवलं. शिक्षाही अगदी हिशेबानं मिळाली. वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. ते टाळायला सहा महिने गोळी दिली होती, मी दोन महिन्यांत कंटाळून सोडली. नोव्हेंबरात खरोखरच गॉलब्लॅडर काढावं लागलं. आता घरी काय सांगणार? हर्निया सांगितलं.

परवा ऑफिसची नाताळची पार्टी होती. एका सहकाऱ्यानं टोस्टच्या तुकड्यावर गुलाबीसर लोण्यासारखं काहीतरी लावून समोर धरलं. फ्वा ग्रा. शब्दशः अर्थ 'चरबीदार लिव्हर'! बदकाला दहा-बारा दिवस नळीनं मका भरवतात आणि त्याचं लिव्हर कित्येक पट फुगतं. इकडे त्याचे डबे भेट म्हणून देतात. मी एकटाच हसत सुटलो. पण घरी येताना मेट्रोत वाटलं, दादाला समजावायला याहून सोपं काही नाही. त्या बदकाला कोणी तूप पाजत नाही, नुसता मका. तू म्हणतोस ना, "मी दारूला शिवत नाही, सावजीकडे वर्षातून दोनदा जातो, मग लिव्हर काऊन बिघडलं?" रविवारचे तर्री पोहे, दिवसाचे सहा गोड चहा, वर संत्रा बर्फी. जास्तीच्या पिठाची आणि साखरेची चरबी लिव्हर स्वतःच बनवतं.

यात दिलाशाचीही गोष्ट आहे. रानातली बदकं लांबच्या उड्डाणाआधी अशीच लिव्हरमध्ये चरबी साठवतात आणि वाटेत जाळून टाकतात. म्हणजे चरबी येते तशी जातेही. खरा घोर चरबीचा नाही, तिच्यामुळे सूज येऊन लिव्हरमध्ये जे व्रण पडत जातात त्यांचा. त्यालाच फायब्रोसिस म्हणतात. पहिल्या टप्प्यापासून चौथ्यापर्यंत मोजतात, चौथा म्हणजे सिरॉसिस. तुझ्या रिपोर्टमधला ग्रेड २ फक्त चरबी सांगतो, व्रणांबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन लागतं. बरगडीवर एक यंत्र टेकवून टिचक्या मारल्यासारखं करतात, दहा मिनिटांत लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये येतं. माझं ऑपरेशनआधी १२.८ होतं. कोणालाही न सांगता रात्र काढली होती तेव्हा. गेल्या महिन्यात ७.१ आलं.

हा निव्वळ माझा योग नव्हे. याच गावातल्या डॉक्टरांनी लिव्हरला सूज असलेल्या १८० जाड रुग्णांची वजनाची ऑपरेशनं करून त्यांचा पाठपुरावा केला. एका वर्षानं आणि पाच वर्षांनी लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला. पाच वर्षांनी ज्यांची तपासणी झाली त्यांतल्या ८४ टक्क्यांची सूज व्रण न वाढता गेलेली होती, सुमारे ७० टक्क्यांचे व्रणही कमी झाले होते. हे २०२० साली छापून आलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १,१५८ रुग्णांचा मागोवा मांडला. लिव्हरचा गंभीर त्रास दहा वर्षांत ऑपरेशनवाल्यांपैकी २.३ टक्क्यांना झाला, बाकीच्यांपैकी ९.६ टक्क्यांना. पण त्याच निबंधातली एक ओळ वहिनींनी मुद्दाम मोठ्यानं वाचावी: ऑपरेशन केलेल्या ६५० जणांतले चार जण पहिल्या वर्षात ऑपरेशनच्या गुंतागुंतीनं गेले. चार म्हणजे थोडे, पण शून्य नव्हेत.

पोट लहान झालं म्हणून कमी खातो, इतकंच ते गणित नाही. कापलेल्या भागातून भुकेचं एक संप्रेरक, घ्रेलिन, बरंचसं तयार होतं. ते घटतं आणि जेवणानंतर पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं वाढतात. वजन फारसं उतरायच्या आत शुगर सुधारायला लागते. ऑपरेशनआधी दोन आठवडे मला जवळजवळ पातळ पदार्थांवर ठेवलं होतं. मला वाटलं शिस्त लावताहेत. नंतर कळलं, जठर लिव्हरच्या आडोशाला असतं, फुगलेलं लिव्हर उचलता येत नाही म्हणून ते आधी आकसून घ्यायचं असतं. बघ, नुसत्या पंधरा दिवसांत आकसतं.

आता सुटाचं. वजन १२६ वरून ८४ झालं, सध्या ८९ आहे. थोडं परत येतंच. चौथ्या महिन्यात न्हाणीत केसांचे पुंजके दिसायचे. रात्री छातीत जळजळ होते ती आजही. बी-१२, लोह आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. एकदा घाईत पोळीचा घास नीट न चावता गिळला, तर तो छातीत अडकून तोंडाला फेस आला आणि मी बेसिनला धरून पंधरा मिनिटं उभा होतो. अर्धी वाटी वरण, तेही चमच्या-चमच्यानं, समोर घड्याळ ठेवून. पिंकीच्या लग्नाच्या पंगतीत गोळाभाताचा एक गोळा खाऊन तू ताट सरकवशील आणि चार मावश्या विचारतील, "काय बापा, काय झालं?" ते उत्तर आधी ठरवून ठेव.

मी ऑपरेशन कर म्हणतो की नको? तुझी उंची-वजन बघता तू बसतोस त्यात, शुगरही आहे. पण क्रम उलटा करू नकोस. आधी फायब्रोस्कॅन आणि रक्ततपासणी. सिरॉसिस होऊन लिव्हरच्या शिरांमधला दाब वाढलेला असला तर ऑपरेशन धोक्याचं ठरतं, तेव्हा सर्जनच्या आधी लिव्हरच्या डॉक्टरांना दाखव. व्रण नसतील तर थोडा धीर धर. ११८ चे १०६ झाले तरी, म्हणजे दहा टक्के, लिव्हर बऱ्यापैकी सावरतं, आणि त्याला सुरी लागत नाही. आणि सूज येऊन मध्यम ते जास्त व्रण निघाले, पण सिरॉसिस नसला, तर अशा लिव्हरसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत सेमाग्लुटाइड या भूक आणि शुगर कमी करणाऱ्या इंजेक्शनलाही मान्यता मिळाली आहे, तेही विचारून घे. इथं माझ्या तयारीतच सात महिने गेले. आहारतज्ज्ञ झाले, मानसोपचारतज्ज्ञ झाले. त्या बाईंनी विचारलं होतं, "घरी कोणाला सांगितलंय?" मी खोटं बोललो. तुला जर कोणी पहिल्याच भेटीत जानेवारीची तारीख देत असेल, तर तिथून उठून ये.

वहिनी, फायब्रोस्कॅनचा आकडा आला की मला लगेच कळवा. दादा 'नॉर्मल आहे' म्हणेल, कागदाचा फोटोच पाठवा.

आईला यातलं काही सांगू नका. रविवारी फोन करून मीच सांगतो, स्लीव्हचंही आणि हर्नियाचंही. गॉलब्लॅडर मात्र तिनं खरं धरावं, ते आता खरंच नाहीये.

तुझा,
धाकटा