यजमानपद आले, तालमींचे काय?

महोदय,

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या, 2036 च्या ऑलिम्पिकसाठीही आपला दावा आहे. आनंदच आहे. पण यजमानपद म्हणजे नुसता मान नव्हे. कोणते खेळ ठेवायचे, यातही यजमानाचा शब्द चालतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने वाढत्या खर्चाचे कारण देत 2023 मध्ये 2026 च्या स्पर्धांतून अंग काढून घेतले. ग्लासगोने त्या दहा खेळांवर भागवल्या आणि कुस्ती गळाली. फटका कोणाला? आमच्याकडच्या पोरांना!

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले ते लोकवर्गणीवर आणि प्राचार्यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर. येताना कांस्यपदक घेऊन आले. आज आमच्या भागातल्या तालमीत मॅटच्या उसवलेल्या कडा चिकटपट्टीने धरून ठेवल्या आहेत. पावसात पत्रा गळू लागला की वस्ताद स्वतः मॅट गुंडाळतात. पोराच्या खुराकाला तूप-बदाम घ्यायचे तर घरच्यांना उसनवारी करावी लागते.

दिल्लीतील 2010 च्या स्पर्धांच्या खर्चावर कॅगने कडक ताशेरे ओढले होते, हे विसरून चालणार नाही. ऑलिम्पिकच्या दाव्यासोबतच तालुक्यातल्या तालमी, मैदाने आणि प्रशिक्षकांसाठी किती निधी देणार, ते केंद्राने जाहीर करावे. अहमदाबादेत कुस्ती असायलाच हवी. सातारा-सांगलीच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न लावून धरावा.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)