चौकशीला बोलावले की अटक केली?

मा. संपादक,

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे इथेच बसणारे पीठ, सुरू झाले आणि ‘आता थेट रिट टाकू’, म्हणजे उच्च न्यायालयातच याचिका करू, ही भाषा चहाच्या गाड्यावरही ऐकू येऊ लागली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची मुंबईची खेप वाचली, ही सोय मोठीच. पण अटकेविरुद्धची याचिका सीपीआर रुग्णालयासमोरच्या बेंचच्या इमारतीत उभी राहायची, तर तिचे कागद पोलीस ठाण्यातल्या पहिल्या २४ तासांत तयार व्हावे लागतात. बहुतेकांची बाजू तिथेच लंगडी पडते.

राज्यघटनेचे कलम २२ सांगते : अटकेची कारणे सांगा, वकिलाचा सल्ला घेऊ द्या आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करा. भानगड होते ती हे २४ तास कधीपासून मोजायचे यावर. सकाळी नऊला ‘साहेबांनी बोलावलंय, जरा चौकशी आहे’ म्हणून माणसाला नेतात, दिवसभर बाकड्यावर बसवतात आणि स्टेशन डायरीत अटक पडते रात्री अकराला. मधले चौदा तास कागदावर नसतातच. कायदा याला फसत नाही. माणसाच्या हालचालींवर बंधन आले त्या क्षणी अटक सुरू झाली, पोलिसांनी कोणती वेळ लिहिली याला महत्त्व नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन प्रकरणात सांगितले आहे. प्रश्न असतो पुराव्याचा. म्हणून घरच्यांनी तासाभरात पोलीस अधीक्षक कार्यालयाला एक ईमेल करावा : कोणाला, कुठून, किती वाजता, कोणत्या ठाण्यात नेले. चार ओळी पुरतात. ईमेलवर वेळ आपोआप उमटते आणि ती नंतर कोणाला बदलता येत नाही.

दुसरा पुरावा सीसीटीव्हीचा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे अशा सर्व ठिकाणी कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण १८ महिने, तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. तरीही सहा महिन्यांनी मागायला गेलात तर ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर तयार असते. त्यामुळे त्याच आठवड्यात तारीख आणि वेळ घालून ‘हे चित्रण जपून ठेवावे’ असा अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही द्या. कलम ७(१) प्रमाणे व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, पण अर्जात तसे ठळक लिहिले नाही तर तो ३० दिवसांच्या ढिगात जातो.

बोलावणे आले की आपण साक्षीदार आहोत की संशयित, हे आधी विचारावे. साक्षीदाराला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७९ खाली लेखी आदेश हवा. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले आणि साठीपुढचे लोक यांना ठाण्यात येण्याची सक्ती नाही, त्यांचा जबाब घरी घ्यायचा. संशयिताला त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस मिळाली पाहिजे. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. पण म्हणून फोन आला तरी जाऊच नका, असे सांगणारे जे सल्लागार आहेत त्यांच्यापासून सावध राहा. जावे, नोटीस मागावी आणि हजेरीची पोच घ्यावी. नोटिशीप्रमाणे वागणाऱ्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला कारणे लिहून ठेवावी लागतात; सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात याला फार मोल आहे.

तपासातल्या जबाबावर सही करायची नसते, हे अजून किती जणांना ठाऊक आहे? संहितेचे कलम १८१ तशी सही घेण्यालाच मनाई करते. कोऱ्या कागदाचा तर प्रश्नच नाही. आणि स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा हक्क घटनेच्या कलम २०(३) ने दिलेला आहे.

अटक झालीच तर दोन कागद वेगळे ओळखावेत. पहिला अटक पंचनामा. त्यावर घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही लागते. सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ घालावी, वरची वेळ चुकीची असेल तर तसे तिथेच लिहावे. दुसरा कागद अटकेच्या कारणांचा. ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’, ‘पुढील तपासासाठी’ ही छापील वाक्ये कोणालाही लागू पडतात. या माणसावर नेमका आरोप काय, ते त्यात हवे. सर्व गुन्ह्यांमध्ये ही कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, आणि लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून रिमांडला (कोठडी मागण्यासाठी मॅजिस्ट्रेटसमोर) हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शहा प्रकरणात दिला. तसे झाले नाही तर अटक बेकायदा ठरते. मात्र एवढ्याने खटला संपत नाही. लेखी कारणे देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

सगळ्यात मोठी चूक होते ती मॅजिस्ट्रेटसमोर. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?’ असे विचारले जाते, शेजारी तोच हवालदार उभा असतो, आणि माणूस मान हलवून ‘नाही’ म्हणतो. आदेशात ‘तक्रार नाही’ असे नोंदले जाते. पुढे बेंचसमोर मारहाणीबद्दल किंवा उशिरा दाखवलेल्या अटकेबद्दल कितीही लिहिले, तरी समोरची बाजू पहिल्यांदा तीच ओळ वाचून दाखवते. बोलायचे ते तिथेच, वेळेसकट. संहितेच्या कलम ५३ खालच्या वैद्यकीय तपासणीतही डॉक्टरला प्रत्येक खूण दाखवावी आणि अहवालाची प्रत मागावी. ती देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

फिर्याद घेतली नाही म्हणून थेट बेंचकडे धावणाऱ्यांनाही तेच. आधी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, मग प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे, हा मार्ग सोडून टाकलेली याचिका बहुधा ‘आधी तिकडे जा’ म्हणून परत येते. त्यात महिना-दोन महिने जातात ते वेगळेच.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊन पहिला दिवस गमावू नये. मोफत वकिलासाठी विधी सेवेच्या १५१०० वर फोन करा किंवा कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. या मोफत मदतीसाठीची ३ लाखांची उत्पन्न मर्यादा इतरांसाठी आहे. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ती लागू नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात रांग लावायची गरज नाही.

एक वकील, कोल्हापूर