समरी राउटचा गुंता सोडवून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. शाखांच्या राउटरवरचं राउट समरायझेशन (अनेक सबनेटचे, म्हणजे नेटवर्कच्या तुकड्यांचे, मार्ग एकाच ‘समरी’ राउटमध्ये गुंडाळून इतर राउटरना जाहीर करणं) तपासून दिलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र मुद्दाम खुलं ठेवतोय. तुम्ही पकडलेला दोष कुठल्याही मोठ्या नेटवर्कमध्ये वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

पहिल्या शाखेत १७२.१६.१२.० ते १७२.१६.१९.० अशी आठ सबनेट, प्रत्येक /२४ (पत्त्याचे पहिले २४ बिट ठरलेले). आठ सबनेट म्हणजे /२१, हा हिशेब हात सरावाने लिहून जातो. तुम्ही पत्त्यातला तिसरा आकडा (ऑक्टेट) बायनरीत मांडलात: १२ म्हणजे ००००११००, १९ म्हणजे ०००१००११. डावीकडचे तीनच बिट जुळतात. /२१ साठी पहिल्या दोन ऑक्टेटच्या १६ बिटांपुढे पाच जुळावे लागतात. /२१ चा ब्लॉक आठच्या पटीतच सुरू होतो, म्हणून १२ ला तो मास्क लावला की प्रत्यक्षात ८ ते १५ घेतले जातात. १६ ते १९ बाहेर राहतात, पण ती सबनेट सुटी /२४ म्हणून जाहिरात होतच राहतात, त्यामुळे काही बिघडल्याचं जाणवतच नाही.

खरा घोळ ८ ते ११ मध्ये होता. ती सबनेट दुसऱ्या शाखेची. तिची /२२ समरी जास्त नेमकी, म्हणून एरवी तीच जिंकते. त्या शाखेची लिंक पडली की /२२ नाहीशी होते आणि तिचा ट्रॅफिक पहिल्या शाखेच्या /२१ कडे ओढला जाऊन नल झिरोवर (आलेली पॅकेट गिळून टाकणाऱ्या आभासी इंटरफेसवर) टाकून दिला जातो. ट्रेसरूट (पॅकेटचा मार्ग दाखवणारी चाचणी) भलत्याच शाखेच्या राउटरपाशी थांबतो, ही खूण तुम्हीच दाखवलीत. तिथे ‘शो आयपी राऊट १७२.१६.९.१०’ दिलं की नल झिरोची नोंद समोर येते, डिस्टन्स (राउटच्या विश्वासार्हतेचा आकडा, कमी तितका वरचढ) ५.

ती नोंद काढून टाकू दिली नाहीत, याचे आभार वेगळे मानायला हवेत. ती नसती तर समरीत मोडणाऱ्या पण अस्तित्वात नसलेल्या पत्त्याचं पॅकेट डिफॉल्ट राउटने मुख्यालयाकडे गेलं असतं, तिथून समरीमुळे परत आलं असतं आणि टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची मर्यादा) संपेपर्यंत फिरत राहिलं असतं.

दुरुस्ती दोन ओळींची, पहिल्या शाखेच्या राउटरवर, मुख्यालयाकडे जाणाऱ्या इंटरफेसवर (ईआयजीआरपी हा आमचा राउटिंग प्रोटोकॉल, १०० त्याचा क्रमांक, २५५.२५५.२५२.० म्हणजेच /२२):

आयपी समरी-अ‍ॅड्रेस ईआयजीआरपी १०० १७२.१६.१२.० २५५.२५५.२५२.०
आयपी समरी-अ‍ॅड्रेस ईआयजीआरपी १०० १७२.१६.१६.० २५५.२५५.२५२.०

आणि जुनी /२१ ची ओळ ‘नो’ लावून काढायची. १२ आणि १६ दोन्ही चारच्या पटीत, त्यामुळे /२२ चपखल बसतो.

ओएसपीएफ आणि बीजीपी हे दुसरे राउटिंग प्रोटोकॉल वापरणाऱ्यांसाठी तुम्ही सांगितलेलंही इथे नोंदवतो: ओएसपीएफमध्ये ‘एरिया रेंज’ फक्त एबीआरवर (दोन एरियांच्या सीमेवरच्या राउटरवर) चालते, बाहेरून आणलेल्या राउटसाठी एएसबीआरवर (ते राउट आत आणणाऱ्या राउटरवर) ‘समरी-अ‍ॅड्रेस’. बीजीपीत ‘अ‍ॅग्रिगेट-अ‍ॅड्रेस’ला ‘समरी-ओन्ली’ जोडलं नाही तर सुटे राउटही सोबत जातात. आणि तिन्हीकडे समरीच्या आतला एक तरी राउट टेबलात जिवंत हवा, नाहीतर समरी जाहीरच होत नाही.

दूरच्या राउटरवर बदल करताना आधी ‘रीलोड इन १०’ द्यायचं (दहा मिनिटांनी राउटर आपोआप रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर परततो), सगळं तपासून झाल्यावर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं, हा क्रम तुम्ही घालून दिलात. आधी सेव्ह केलं तर रीलोडनंतर तोच चुकलेला बदल परत येतो. आता प्रत्येक बदलाच्या अर्जावर हा क्रम छापलेला आहे.

आपली कृतज्ञ,
नेटवर्क टीम