अमेरिकेतही सतरंज्या उचलणारे असतात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर कालच्या अंकात आलेला लेख वाचला. ‘तिथे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता उरलेला नाही, जो आहे तो भाडोत्री’ हे त्यातील वाक्य मला दोनदा वाचावे लागले, कारण पहिल्या वाचनात ते आपल्याकडच्याच एखाद्या पक्षाविषयी असावे असा माझा समज झाला होता. जाहिरातींवरचा खर्च आणि दूरचित्रवाणीवरचे वादविवाद यांबद्दल लेखकमहाशय अधिकाराने लिहितात, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु २००८ पासून २०२४ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या पेट्रोलने आणि स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी खाऊन प्रचाराला गेले आहे. पहिल्या खेपेस तर मला तिथे मताधिकारही नव्हता; नागरिक नसलेल्या माणसाला विनामोबदला काम करण्याची कायद्याने मुभा आहे, तेवढ्या आधारावर मी गेले होते. पेन्सिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउन गावात सतरंज्या मिळत नाहीत हे मान्य आहे. तिथे घडीच्या लोखंडी खुर्च्या असतात आणि सभा संपल्यावर त्या कोण उचलते, हे लेखकमहाशयांनी एकदा येऊन पाहावे.

पैसे घेऊन दारोदार फिरणारी माणसे २०२४ मध्ये होती, हे मी नाकारत नाही. उद्योगपती इलॉन मस्क यांच्या ‘अमेरिका पॅक’ या प्रचारावर खर्च करणाऱ्या राजकीय गटाने ती नेमली होती, आणि अशा गटांनी दारोदारीच्या प्रचारात उमेदवाराशी समन्वय साधण्यास निवडणूक आयोगाने त्याच वर्षी वाट मोकळी करून दिली होती. पण म्हणून त्यांना आणि आम्हाला एकाच पंक्तीत बसवणे हा लेखकाचा आळस आहे. मी कोणत्या पक्षाची, हे मुद्दामच लिहीत नाही, कारण ते लिहिले की आपले वाचक पत्र सोडून पक्षावर तुटून पडतील. शिवाय समोरच्या पक्षाचे स्वयंसेवकही त्याच थंडीत तीच दारे वाजवत होते.

न्यू जर्सीने राष्ट्राध्यक्षपदासाठी १९९२ पासून एकाच पक्षाला कौल दिला आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत प्रचार करून काहीही साधत नाही आणि म्हणून डेलावेअर नदी ओलांडावी लागते. त्या पलीकडच्या राज्यात साठ लाखांहून अधिक मतांमधून २०१६ चा निकाल सुमारे चव्वेचाळीस हजारांनी लागला, आणि आम्ही ज्या बक्स काउंटीत फिरलो तिथे २०२४ मध्ये दोन उमेदवारांत तीनशे मतांचेही अंतर राहिले नाही. तीनशे मते म्हणजे आपल्याकडची एखादी मध्यम आकाराची सोसायटी.

लेखात ‘पत्रके वाटणारे’ असाही आमचा उल्लेख आहे. पत्रक टपालपेटीत टाकता येत नाही, कारण टपालहशील भरल्याशिवाय त्या पेटीत काही टाकणे बेकायदा आहे. ते दाराच्या मुठीला अडकवावे लागते. परंतु पत्रके हा या कामातला सर्वांत क्षुल्लक भाग होय. मतदानाच्या आधीच्या शनिवारी लेव्हिटाउनमध्ये एका आजोबांनी दार उघडले. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघ्याने अधू असलेले हे गृहस्थ आपले मत झाल्याचे समाधानाने सांगत होते आणि टपाली मतपत्रिकेचे पाकीट त्यांच्या हातातच होते. पेन्सिल्व्हेनियात मतपत्रिका आधी गोपनीयतेच्या लहान पाकिटात आणि ते पाकीट सही व तारखेच्या मोठ्या पाकिटात घालावे लागते. आतले पाकीट नसेल तर ते मत मोजायचे नाही, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच ठरवले आहे. मी आतल्या पाकिटाविषयी विचारले तेव्हा आजोबांनी मला स्वयंपाकघरात नेऊन फ्रिजकडे बोट दाखवले. तिथे चुंबकाखाली ते पाकीट लावलेले होते आणि त्यावर अंडी, बॅटऱ्या व मांजराचे खाणे अशी वाणसामानाची यादी लिहिलेली होती. पाकीट जास्तीचे आले आहे, अशी त्यांची समजूत झाली होती.

मी कार्यालयात फोन लावून विचारणा केली. पाकीट टपालात न टाकता मतपत्रिकेसह केंद्रावर जमा करून रद्द करून घ्यावे आणि तिथेच नव्याने मत द्यावे, असा तोडगा मिळाला. मंगळवारी सकाळी सात वाजता केंद्र उघडले तेव्हा आम्ही दोघे रांगेत तिसरे होतो. प्रचारकाने मतदानाच्या जागेपासून दहा फूट लांब राहायचे असते म्हणून मी पुढे गाडीपाशी येऊन थांबले. त्यांनी मत कोणाला दिले, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. परतताना त्यांनी फक्त वाटेत बॅटऱ्यांचे दुकान लागते का, एवढीच चौकशी केली.

आता खरी गंमत पुढे आहे. शनिवारी त्या घरी माझी पन्नास मिनिटे गेली, आणि संध्याकाळी आमच्या कार्यालयातील बावीस वर्षांच्या समन्वयकाने मोबाइलवरील यादी पाहून, ‘तुमचा आज दारांचा आकडा फार कमी आहे’ असे मला सर्वांसमोर सुनावले. मी तिच्या आईच्या वयाची आहे. आपल्या लेखकमहाशयांना आम्ही भाडोत्री दिसतो आणि आमच्याच पक्षाला आम्ही दारे मोजण्याचे यंत्र वाटतो, तेव्हा दोघांनी एकदा आपसांत बोलून आम्ही नेमके कोण ते ठरवून टाकावे.

जाता जाता एक स्वतंत्र विनंती. माझे या विषयावरचे मागील पत्र आपण छापलेत त्याबद्दल आभारी आहे. मात्र त्यात ‘निवडणुकीतील एक स्वयंसेविका’ याचे ‘निवडणुकीतील एक स्वयंपाकीण’ असे झाले होते, आणि येथील महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या जेवणाची यादी तेव्हापासून माझ्याकडे आली आहे. त्याची दुरुस्ती अद्याप छापून आलेली नाही. ती या पत्रासोबत यावी.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी