आजीचा फोटो ग्रुपफोटोतून कापू नका

महोदय,

आपल्याच अंकातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिराती पाहाव्यात. कित्येक चेहरे लग्नाच्या ग्रुपफोटोतून कापलेले असतात. खांद्यावर भलत्याच कुणाचा हातही राहून गेलेला दिसतो. ५० माणसांच्या फोटोत एका चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम शंभरेक पिक्सेल (ठिपके) येतात. ५ सेंटिमीटर रुंद छपाईला ४०० तरी हवेत, म्हणून चेहरा फुटतो.

माणूस हिंडता-फिरता असतानाच घरी, साध्या मोबाइलवर चांगला फोटो काढून ठेवता येतो. थेट ऊन न येणारी खिडकी निवडावी. ऊन आले की गजांच्या सावल्या गालावर उमटतात. खुर्ची खिडकीपासून ३-४ फुटांवर, उजेड तिरका पडेल अशी ठेवावी. ट्यूबलाइट बंदच करावी. वरून पडणाऱ्या तिच्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, आणि खिडकीच्या उजेडाचा रंग वेगळा असल्याने चेहरा दुरंगी दिसतो. अंधाऱ्या बाजूला दोन-अडीच फुटांवर पांढरी चादर किंवा धोतर धरावे. सावली उजळते, भिंतीच्या हिरव्या ऑइलपेंटची गालावरची झाकही कमी होते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरून सावल्या आणखी गडद होतात, तेव्हा या चादरीचा कंटाळा करू नये.

मोबाइल ५-६ फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, २एक्स झूमवर धरावा. दोन फुटांवरून नाक फुगते, कान मागे जातात. लोक उगाच नाकाला दोष देतात. चष्म्यात खिडकी चमकली तर काड्या कानांवरून किंचित उचलाव्यात. काचा खाली झुकतात, चमक जाते.

ब्युटी मोड नको, पोर्ट्रेट मोड तर नकोच. पांढऱ्या केसांच्या बटा आणि चष्म्याची काडी तो खातो, वर मागची मांडणी, कॅलेंडर, देव्हारा सगळे धूसर करतो. मग घरी फोटो काढला कशाला? तसबिरीच्या काचेत खिडकी दिसली तर आपण अर्धा फूट सरकावे. नवी कोरी साडी नेसवून ताठ बसवण्यापेक्षा हातात अडकित्ता किंवा निवडायचे तांदूळ द्यावेत. हात कामाला लागले की आखडलेले खांदे उतरतात. हलत्या हातांसाठी शटरचा वेग १/१२५ सेकंद तरी ठेवता आला तर बरे.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आपल्या जाहिरात विभागानेही मूळ फाइल मागून घ्यावी, ही विनंती.

— एक छायाचित्रकार, सांगली