सासूला आत्या का म्हणतात?

संपादक साहेब,
मामाच्या मुलीशी लग्नावरचा तुमचा लेख वाचला, चांगलाय पण शब्दांचं राहूनच गेलं. आमच्या परभणीकडं सून सासूला आत्या अन सासऱ्याला मामाच म्हणती, रक्ताचं नातं नसलं तरी, कारण आधी पोरगी आत्याच्याच घरात दिली जायची अन आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात. उलटं मात्र सहसा नाही, आत्याची पोरगी करायची म्हणलं की म्हातारे म्हणणार वेल माघारी येऊ नये, म्हणजे दिलेल्या पोरीची लेक परत तिच्या माहेरी सून होऊ नये. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वेंनी १९५३ सालीच लिहिलंय, उत्तरेत आत्या-मामाच्या पोरांची लग्नं वर्ज्य, दक्षिणेत चालतात, आपण मधी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही जवळच्या नात्यातल्या लग्नाला मनाई असली तरी रूढी असेल तर सूट आहेच. माझी बायको लांबची, पुण्याची, पहिल्याच दिवशी आईला "मम्मी" म्हणाली, आई दोन दिवस गप्पच होती!
– एक वाचक, परभणी